शिवेला चाललोय

माझ्या खोल्यांमध्ये आजवर हरतऱ्हेचे भाडेकरू राहून गेले. एकाने पलंगाखाली कोंबड्या पाळल्या. एक जोडपं दोन वर्षं नवरा-बायको म्हणून राहिलं आणि मग दोघांच्या घरचे दोन बाजूंनी शोधत आले. पण फाटकातून बाहेर पडताना मी "कुठं चाललास रे?" म्हटलं, तर थांबून, मागे वळून, "मावशी, हा प्रश्न तिकडं कुणी विचारत नाही," असं तोंडावर सांगणारा एकच निघाला.

तिकडं म्हणजे युरोपात. सगळे त्याला बॉर्डरमामा म्हणायचे. पोरांनी ठेवलेलं नाव, पण पुढे दूधवालासुद्धा तेच म्हणायला लागला.

तो लातूरकडचा. आईला घेऊन पुनावळ्यात आला तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. चाकणच्या एका टूल रूममध्ये डाय-फिटर, म्हणजे साचे जुळवणारा, म्हणून लागला. आई आजूबाजूच्या बिनलग्नाच्या कामगारांना भाकरी-भाजी करून द्यायची. पुढे कंपनीने त्याला नवीन मशीन शिकायला जर्मनीला पाठवलं आणि तिथल्या कारखान्याने त्याला ठेवूनच घेतलं. आई मात्र माझ्या कोपऱ्यातल्या खोलीत राहिली. "त्या गारठ्यात माझं काय काम हाय," म्हणाली. मीही आग्रह केला नाही. वेळेवर भाडं देणारी आणि कमी बोलणारी बाई सहज मिळत नाही.

तो सुट्टीवर यायचा तेव्हा संध्याकाळी आमच्या नळापाशी माणसं जमायची. शिफ्ट संपवून आलेले हातपाय धुताधुता थांबायचे, बायका पाण्याच्या बादल्या तशाच ठेवायच्या. सांगताना तो एका जागी उभा राहत नसे. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा.

"ही समजा नदी. नदीच्या अलीकडं मी राहतो तो देश, पलीकडं दुसरा. ट्राममध्ये बसायचं. लोक पाव आणायला जातात पलीकडं. पाव, भावा. पिशवी घेऊन. मधे पूल लागतो, मोबाइल एकदा वाजतो, नव्या देशात आलात म्हणून मेसेज येतो. तेवढीच काय ती खूण. बाकी कुणी विचारलं नाही."

"पोलीस?"

"नाही."

"निदान टोलनाका तरी?"

"नाही रे. कुणी विचारलं नाही."

एका डोंगरावर म्हणे तीन देशांच्या शिवा एका दगडापाशी येऊन मिळतात. तिथे तो डबा घेऊन गेला आणि त्या दगडाभोवती फिरत फिरत जेवला. एक घास या देशात, दुसरा त्या देशात, चटणी तिसऱ्यात. हे सांगताना तो आमच्या तुळशीभोवती फिरायचा आणि खरोखर तोंड हलवायचा. पोरं खिदळायची. मी हसत नसे, पण घरात जाऊन पडले की तो दगड डोळ्यांपुढून हलत नसे. मी सत्तरी ओलांडलेली बाई, चौथी शिकलेली. माझ्या सासऱ्याने बांधाच्या एका वितीसाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. आणि इथे तीन देश एका दगडाला टेकतात आणि कुणी भांडत नाही.

त्याची आई उंबऱ्यात बसून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "थापा हायेत सगळ्या. तहसिलीत गेलं तर शिपाई इचारतो कुणाकडं काम हाय. आन् ह्याला देश बदलताना कुणी इचारत न्हाई. कुणाला सांगायलास रे?"

एकदा मी त्याला सरळ गाठलं. "तू तिथला न्हाईस. कातडं इथलं, पासपोर्ट इथला. तुला का सोडतात?"

त्याने खिशातून कार्ड काढलं. गुलाबी-निळसर, त्याचा चोरासारखा फोटो असलेलं. मग समजावून सांगितलं, आणि पुढे इतक्या वेळा सांगितलं की मला पाठ झालं. तिथे एका देशात नोकरीधंद्यासाठी कायदेशीर राहायला लागलेल्या परक्या माणसाला आजूबाजूच्या देशांत तीन महिने हिंडता येतं, पण तिथे कामाला राहता येत नाही. मात्र सलग पाच वर्षं नीट राहिलं, कर भरला, त्यांच्या भाषेची परीक्षा दिली, की हे मोठं कार्ड मिळतं. मग दुसऱ्या देशात जाऊन कामाला राहायचा अर्जही करता येतो. आपोआप काही होत नाही, अर्ज करावाच लागतो, पण दार उघडं असतं. "त्यांच्या पोरांना जे मिळतं त्यातलं पुष्कळसं मला मिळतं, मावशी. मी तिथं जन्मलो नाही तरी."

"आन् कधीच कुणी इचारलं न्हाई?"

त्याने कार्ड खिशात ठेवलं. "एकदा. रेल्वेत पोलीस चढले. अख्ख्या डब्यात फक्त माझंच कार्ड मागितलं. बघितलं आणि गेले."

आतून आई ओरडली, "बघ. इचारलं का न्हाई?"

त्या दिवशी तो जेवला नाही.

चाकणच्या कंपनीत असताना याला गेटवर रोज तपासायचे. डबा उघडून बघायचे, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायचे, हात वर करायला लावायचे. त्याची चेष्टा म्हणून तो आमच्या फाटकातून आत येताना बुजगावण्यासारखे दोन्ही हात पसरून उभा राहायचा आणि मी "ये आत, मेल्या," म्हणेपर्यंत हलायचा नाही. खोलीला कडी लावायचा नाही. रविवारी पायी शिवा शोधत हिंडायचा. इथे पुनावळं संपलं आणि मारुंजी लागली, इथे महानगरपालिका संपली आणि माणची ग्रामपंचायत लागली. एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "बघा, कचऱ्याची गाडी इथून मागे फिरते." लोक त्याला वेडा समजायचे. मला विचाराल तर तो वेडाच होता, पण वेड बिनखर्चाचं होतं.

मागच्या वर्षी नवरात्र बसलं आणि त्याच्या आईची उजवी बाजू गेली. सकाळी भाकरी थापताना हात खाली पडला तो पडलाच. मी रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं आणि त्याला फोन लावला. तो मिळेल त्या विमानाने आला.

आल्यावर पाच-सहा दिवसांनीच दसरा होता. आमच्याकडे दसऱ्याला संध्याकाळी गावाची शीव ओलांडायची आणि आपट्याचं सोनं घेऊन परत यायचं, अशी रीत. आमच्या शिवेवर लिंबाखाली शेंदूर लावलेला दगड होता. भावकीने ती जमीन बिल्डरला विकली, तिथे तीन टॉवर उठले. लिंब तोडला, दगडाला हात लावायला मात्र बिल्डर भ्याला. आता दगड सोसायटीच्या आत, पोरांच्या घसरगुंडीमागे. काही वर्षं आम्ही गेटला हात लावून परत येत होतो.

"गेट ही शीव नाही," बॉर्डरमामा म्हणाला. "चला माझ्याबरोबर."

मी, माझे दोन दीर, गावातले चार-पाच म्हातारे, हातांत आपट्याच्या डहाळ्या. वॉचमन परप्रांतातला पोरगा. त्याने मोबाइल काढला. "किसके यहाँ जाना है?"

"शिवेला चाललोय," हा म्हणाला.

"फ्लॅट नंबर?"

"फ्लॅट नहीं, पत्थर. घसरगुंडी के पीछे."

पोरगा बराच वेळ मोबाइलमध्ये शोधत राहिला. "ॲप में पत्थर नहीं है, अंकल."

मग सोसायटीचा सेक्रेटरी आला. हाफ पँट, हातात गाडीची किल्ली. "काका, असं आत येता येत नाही. प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे."

"आम्ही कुठं आत येतोय?" बॉर्डरमामा अगदी शांतपणे म्हणाला. "आम्ही गावाबाहेर चाललोय. तुमचं गेट मधे आलंय."

माझे दीर फिसकन हसले. एवढ्यात लिफ्टमधून सेक्रेटरीचीच आई बाहेर आली, नऊवारी नेसलेली, हातात ताट. चौथ्या मजल्यावरून सगळं बघत होती. "मी सकाळपासून विचार करत्येय सोनं कुठं लुटायचं," म्हणाली. "चला, मी पण येते." आणि ती आमच्या पुढे चालायला लागली. आईला कोण अडवणार? आम्ही सगळे आत गेलो, दगडाला आपट्याची पानं वाहिली, पलीकडे चार पावलं टाकली, परत आलो. म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत घरी आले.

तू परत कधी जाणार, हे विचारायचं त्या खुशीत कोणाच्याच डोक्यात आलं नाही. ते पुढे संक्रांतीच्या सुमाराला त्याने स्वतःच सांगितलं. त्या मोठ्या कार्डाची एक अट होती. सलग वर्षभर त्या सगळ्या देशांपैकी कुठेच पाऊल पडलं नाही, तर कार्ड मेलं. पुन्हा पहिल्यापासून. कुठल्याही एका देशात पाऊल टेकवलं की काम झालं, पण टेकवायला तर हवं. जर्मनीतली नोकरी रजा लांबल्यावर सुटली होती, आणि नदीपलीकडच्या देशातला एक साचे बनवणारा कारखाना त्याला बोलावत होता. कार्ड असेल तरच.

"मग जा की चार दिवस," मी म्हटलं. "मी बघते तुझ्या आईला."

"आक्काचा हात जड हाय," आई आतून म्हणाली. आक्का म्हणजे मी. "न्हाऊ घालती का भांडी घासती, कळत न्हाई."

असं करत चैत्र गेला. मग ती मोरीत पडली. मग पावसाळ्यात छातीत कफ झाला. तो तात्पुरता चाकणला कामाला जात होता आणि रात्री तिचे पाय चोळत होता. शेवटी मीच म्हटलं, आता तिकीट काढतोस का तुझं सामान रस्त्यावर टाकू? दसरा यंदा लवकर आला होता, कार्डाचं वर्ष भरायला थोडेच दिवस उरले होते. त्याने तिकीट काढलं. आईला म्हणाला, "दसऱ्याला उडणार. सीमोल्लंघनच करतो." त्या दिवसांत तो गच्चीचा जिना चढायचा तोही दोन-दोन पायऱ्यांनी. नळावर पुन्हा माणसं जमायला लागली. मलासुद्धा, खोटं कशाला बोलू, झोप लागत नव्हती.

खंडेनवमी उजाडली. या दिवशी आमच्या पट्ट्यात एकही मशीन चालत नाही. कारखान्यात हत्यारं मांडून पुजतात, लेथला झेंडूच्या माळा घालतात, पेढे वाटतात. आणि एकदा पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणी उचलत नाही. बॉर्डरमामा या बाबतीत फार कडक. एका नव्या कामगाराने मागे पूजेतली कानस उचलली तर याने त्याच्याशी आठवडाभर बोलणं सोडलं होतं. तो सकाळी कंपनीच्या पूजेला गेला. आईने मला घरी पूजा मांडायला लावली. मी पाटावर त्याचे जुने पान्हे, पंच, मापं घ्यायचा व्हर्नियर मांडले आणि झेंडू आणायला गेले. परत आले तर हिने डाव्या हाताने सगळीकडे हळद-कुंकू ओतून ठेवलेलं. सवय नसलेल्या हाताने ढीग पडला होता. मी वर फुलं घातली.

संध्याकाळी तो आला. मुंबईला न्यायला गाडी फाटकात उभी. कपडे बदलले, उशापाशी ठेवलेली पासपोर्टची पिशवी उघडली. पासपोर्ट होता, तिकीट होतं, कार्ड नव्हतं.

त्याने गादी उलटी केली. पेटी उपसली, डाळीच्या डब्यांत हात घातले. ज्याने कधी कडी लावली नाही तो माणूस मला माझ्या कपाटाचं कुलूप काढायला लावत होता. आई बघत होती. मग म्हणाली, "पूजेत हाय."

त्याने हात पुढे केला.

"हात लावू नको. पुजलंय. उद्या उठंल."

आणि त्याने हात मागे घेतला. कुठलंही फाटक ज्याला अडवत नव्हतं, तो त्या लाकडी पाटासमोर उभा राहिला.

मी तिला विचारलं, "मुद्दाम ठेवलंस का?"

"मुद्दाम काय? त्याची भाकरी कशावर हाय? ह्या पान्ह्यांवर न्हाई, त्या कार्डावर हाय. मग पुजायचं कुणाला? आन् त्यो दसऱ्याला जाणार म्हणला व्हता. आज नवमी हाय."

"आई, विमान रात्री बारानंतर आहे. बारा वाजले की दसराच की."

"दसरा सूर्य उगवल्यावर लागतोय. तुझ्या विमानाला काय कळतंय."

ती तिच्या जागी बरोबर होती. तिकीट त्याच्या जागी बरोबर होतं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "दादा, सुट्टीची गर्दी हाय एक्स्प्रेसवेला. घाटात अडकलो तर माझ्या नावानं ओरडायचं न्हाई."

"तू सांग ना तिला," तो मला म्हणाला.

"तू का न्हाई सांगत?"

"मी कसा सांगू? मीच पोरांना सांगत आलोय, उचलायचं नाही."

मी उठले, माझ्या स्वयंपाकघरात गेले आणि विळी घेऊन आले. तिच्यापुढे आपटली.

"ही बघ. सकाळी पुजली. हे कुंकू. आन् ह्यो भेंडीचा चीक. दुपारची भाजी हिच्यावरच चिरली. तू खाल्लीस, दोनदा मागून खाल्लीस. आजवर एका तरी खंडेनवमीला माझी विळी उद्यापर्यंत थांबली का? तुझी थांबली? थांबली असती तर घरादारानं काय खाल्लं असतं, पान्हे?"

ती विळीकडे बघत राहिली. "बाईमाणसाचं येगळं असतंय."

"का? माझी विळी लाकडाची हाय?"

तिच्या तोंडाची एकच बाजू हसायची. ती हसली. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नसणार. खरं तर माझ्याही त्याच मिनिटाला आलं.

तिने डावा हात लांब केला, फुलं बाजूला सारली, ढिगातून कार्ड काढलं. कपाळाला लावलं. पदराला पुसलं, पण कोपऱ्यांतलं कुंकू निघालं नाही. त्याच्या हातात देऊन म्हणाली, "जा. आन् खरं सांग, इचारलं का न्हाई ते."

तो बुटाच्या नाड्या न बांधता पळाला. भाकरीचा डबा राहिला. मी फाटकापर्यंत धावले, या वयात, डबा हातात घेऊन, आणि गाडी वळणापलीकडे गेली तरी तिथेच उभी होते. गुडघे दोन दिवस दुखले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. तो मोठमोठ्याने बोलत होता, मागे रेल्वेचा आवाज. तिकडच्या विमानतळावर साहेबाने कार्ड उजेडात धरलं म्हणे, लाल डाग बघितले, नखाने खरवडून बघितले. हे काय, म्हणून विचारलं. "मी म्हणालो, माझ्या आईनं लावलंय. तो म्हणाला, कशासाठी? मी म्हणालो, हे चालावं म्हणून. त्यानं कार्ड परत दिलं आणि हातानंच जा म्हणाला."

"म्हंजी इचारलं," आई म्हणाली.

"ते दारात, आई. आता मी पलीकडच्या देशात आलो. पूल आत्ता गेला. इथं कुणी विचारलं नाही."

"थापा," आई म्हणाली, पण फोन कानापासून काढेना.

तो आठवड्याने परत आला, दिवाळीनंतर पुन्हा गेला आणि आता नदीपलीकडच्या देशात त्या साच्यांच्या कारखान्यात असतो. त्याच्या कार्डाचं ठीक झालं. आईला नेणं हा वेगळा खटाटोप आहे, तो चालू आहे. तोवर तिच्या अंगावर माझा जड हातच पडतो.

पण त्या दसऱ्याची संध्याकाळ सांगायची राहिली. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आक्का, मला शिवेला न्यायला जमंल का?" वर्षभर ती दवाखान्याशिवाय खोलीबाहेर पडली नव्हती. मी तिला दवाखान्यात न्यायची चाकाची खुर्ची काढली. रस्त्यावरच्या खड्ड्यांनी आम्ही दोघी हैराण झालो. वाटेत ती सारखी पुटपुटत होती. मी विचारलं, काय चाललंय? तर म्हणाली, "वॉचमननं इचारलं तर काय सांगायचं ते घोकायले. फ्लॅट न्हाई, पत्थर. घसरगुंडी के पीछे. बरोबर हाय न्हवं?"

गेट आलं. तोच पोरगा होता. तिने मान ताठ केली, डहाळी डाव्या हातात धरली, तोंड उघडलं. त्याने आमच्याकडे बघितलं, मोबाइल खिशात टाकला, दांडा वर केला आणि बाजूला झाला.

आम्ही आत गेलो. घसरगुंडीपर्यंत तिने डहाळी तशीच ताठ धरली. दगड दिसल्यावर तिने माझा हात दाबला.

"आक्का," ती म्हणाली, "त्यानं इचारलंच न्हाई गं."